गुहागरला दोघं आणि एक तंबू: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको पुण्याहून तंबू घेऊन गुहागरला जातो, तीन-चार रात्री राहतो आणि येतो. एवढंच करतो, पण फोटो टाकले की नवऱ्याच्या ऑफिसातले, माझ्या मावसबहिणीच्या जावा, सोसायटीतले, सगळे तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच टाईप करून करून जाम कंटाळलेय. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार. क्रम वगैरे काही लावलेला नाही.

गुहागरच का? अलिबाग, काशीद जवळ पडतं ना?

जवळ पडतं म्हणून तर सगळे तिथेच असतात. गुहागर चिपळूणपासून आत पंचेचाळीसेक किलोमीटर आहे, जाता जाता लागणारं गाव नाही, मुद्दाम जावं लागतं. आणि गावाची ठेवणच अशी आहे की तंबूवाल्या माणसाने बघत राहावं. समुद्राला समांतर एक लांबलचक रस्ता, वरचा पाट, खालचा पाट, बाग अशा वाड्या त्या रस्त्याच्या कडेने पसरलेल्या, आणि समुद्राच्या बाजूला जे घर असेल त्याच्या मागे त्याचं आगर, म्हणजे माड-पोफळी, मग सुरूचं बन, मग पुळण आणि मग पाणी. पुढच्या दारातून एसटी दिसते आणि मागच्या दाराने पाच मिनिटांत समुद्र. पुळण इतकी लांब आहे की शनिवार-रविवारची गर्दीसुद्धा एका कोपऱ्यात मावते.

तंबू बीचवरच लावता ना?

नाही नाही नाही. हा एक नंबरचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी लावला होता. २०१९ चा जानेवारी, पौषातली पौर्णिमा, आम्ही मुद्दाम पौर्णिमा निवडली होती कारण चांदण्यात समुद्र बघायचा होता, रोमँटिक वगैरे. दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो तेव्हा भरती नुकतीच उतरायला लागलेली, वाळूवर ओली रेघ स्पष्ट दिसत होती, हा म्हणाला रेघेच्या वर आठ पावलं जाऊ म्हणजे सेफ. मला पण पटलं, रेघ दिसतेय ना डोळ्यांना. संध्याकाळी पाणी पार लांब गेलं, आम्ही मॅगी केली, चांदणं बघितलं, दहाला झोपलो. सव्वाअकराला माझे पाय गार पडले. मला वाटलं ह्याने पाण्याची बाटली सांडली, ह्याला वाटलं मी सांडली, आम्ही दोघं एक मिनिट चक्क बाटलीवरून भांडलो आणि मग तंबूच्या खालून अख्खी लाट सरकत गेली, ते फीलिंग मी शब्दांत नाही सांगू शकत, खालची जमीनच कुणीतरी ओढून नेतंय असं.

मग जे काय धावलो. तंबू तसाच चारी कोपऱ्यांनी धरून, आत बॅगा, ब्लँकेटं, मॅगीचं पातेलं सगळं खळखळतंय, सुरूच्या बनातून अनवाणी. ह्याचे बूट बाहेर राहिलेले आणि गाडीची चावी बुटात. का बुटात, तर म्हणे तिथे सुरक्षित राहते. बनातून वर एका गडग्यापाशी, म्हणजे आगराच्या दगडी भिंतीपाशी, आलो तर पलीकडून कुत्रा भुंकायला लागला, पडवीतला दिवा लागला आणि एक काका बॅटरी घेऊन बाहेर आले. आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर ‘अहो पुनव आहे आज, तुमच्या पुण्यात कॅलेंडर नसतं काय?’

त्या रात्री आम्ही त्यांच्या पडवीत झोपलो. सकाळी काका स्वतः पुळणीवर जाऊन, भरतीने जो कचरा आणून टाकलेला असतो ना लांब ओळीत, त्या ओळीतून डाव्या पायाचा बूट शोधून घेऊन आले. चावी आतच. उजवा बूट अरबी समुद्राकडे जमा.

गोम कुठे होती ते काकांनीच नंतर सांगितलं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण आपल्या या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची मोठी आणि हिवाळ्यात रात्रीची मोठी. आम्ही दुपारच्या रेघेवर विश्वास ठेवला आणि रात्रीचं पाणी त्याच्या कितीतरी वर आलं. तेव्हापासून आमचा तंबू काका-काकूंच्या आगरात, पुळणीवर फक्त आम्ही जातो, तंबू नाही.

भरतीचं टायमिंग कळायला ॲप कुठलं वापरता?

कालनिर्णय. मस्करी नाही करत. काकांनी शिकवलेला हिशोब असा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती साधारण तीनला, दुपारी पण आणि पहाटे पण थोडी मागेपुढे. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. आमची लाट कितीला आली होती? सव्वाअकराला. हिशोब कळल्यावर मी आणि हा एकमेकांकडे नुसते बघत बसलो होतो.

शुक्ल असो की कृष्ण, तिथी तीच धरायची. भरतीनंतर सहा तासांनी, जरा वर, ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतोच आणि किनारा बदलला की वेळ पण थोडी सरकते, मुंबईला गुहागरपेक्षा उशिरा येते, त्यामुळे होडीबिडीने जाणार असाल तर स्थानिकांनाच विचारा. पण फिरायला कधी जायचं, शिंपले कधी गोळा करायचे एवढ्यासाठी हा हिशोब झकास चालतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत पण नाही आणि फार उतरत पण नाही. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी मी म्हणेन भांगाचे दिवस बघूनच जावं.

मग आगरात नेमका कुठे लावता? माडाखाली?

माडाखाली लावणाऱ्याला काकू घरात घेणार नाहीत. नारळ तर पडतोच, पण वाळकी झावळी पडते ना ती जास्त डेंजर, वजनाला भरपूर, वरून सरळ येते आणि येताना काही आवाज पण नाही. पोफळीखाली पण तेच, झावळी छोटी एवढाच फरक.

आंब्याखाली सावली छान असते म्हणून दुसऱ्या वर्षी तिथे लावला. जानेवारीत आंबा मोहोरलेला असतो आणि मोहोरावर तुडतुडे असतात, त्यांचा चिकटा खाली गळतो. सकाळी तंबूवर पाक ओतल्यासारखं झालेलं आणि त्यावर मुंग्यांची वारी. तो चिकटा घरी येऊन बाथरूममध्ये दोन वेळा धुतला तेव्हा गेला.

आता आमची जागा फिक्स आहे, गडग्याला लागून रातांब्याचं झाड आहे त्याच्याखाली. रातांबा म्हणजे कोकमाचं झाड, पानं दाट, त्यामुळे दंव कमी पडतं आणि फळं उन्हाळ्यात धरतात म्हणून जानेवारीत वरून काही पडत नाही. गडग्यापासून मात्र पाच-सहा फूट लांब, का ते खाली विंचवांच्या प्रश्नात आहे.

वाळूत खुंट्या टिकतात का?

तंबूबरोबर ज्या सळईसारख्या खुंट्या येतात त्या अजिबात टिकत नाहीत, आगराची माती पण पुळणीसारखीच भुसभुशीत. काकांची आयडिया सांगते, फुकट आहे. नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, घ्यायचं, आगरात ढीग असतो, त्याला मधोमध दोरी बांधायची, हातभर खड्डा करून त्यात आडवं पुरायचं आणि वर माती घालून पायाने तुडवायचं. चार कोपऱ्यांना चार. कितीही वारा येऊ दे, हलत नाही. निघताना उपटायला मात्र दोघं लागतात.

थंडी असते का? कोकणात कसली थंडी?

असं म्हणून आम्ही पण एक पातळ चादर घेऊन गेलो होतो. दिवसा घाम येतो, संध्याकाळपर्यंत समुद्राकडून खारा वारा असतो, आणि रात्र चढली की वारा फिरतो, डोंगराकडून समुद्राकडे मतलई सुरू होते. पहाटे तीन ते सहा ही मतलई चांगली झोंबते. म्हणून तंबूचं दार समुद्राकडे ठेवायचं, पाठ डोंगराकडे, म्हणजे वारा पाठीवर जातो आणि सकाळी झिप उघडली की समोर सुरूच्या फटीतून पाणी. एक जाड ब्लँकेट पुरतं, स्लीपिंग बॅगेत मला गुदमरतं.

दोघांच्या श्वासाने आतून पण पाणी धरतं हे लक्षात ठेवा. गरम राहावं म्हणून सगळं गच्च बंद केलंत तर सकाळी छतावरून थेंब टपकतात आणि मग लोक म्हणतात तंबू गळका निघाला. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, जाळी असतेच.

झिपला खारा वारा लागून ती अडकते, मेणबत्ती घासायची. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची. झालं.

रात्री पुळणीवर शेकोटी करता येते का?

आम्ही करत नाही. सुरूची वाळकी पानं पेट्रोलसारखी पेटतात हे एक कारण, आणि दुसरं कारण कासवं.

कासवं खरंच असतात का? दिसतात का?

असतात. ऑलिव्ह रिडले. वेळासचं नाव जास्त झालं पण गुहागरच्या किनाऱ्यावर पण भरपूर घरटी मिळतात. थंडी सुरू झाली की माद्या रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, परत खड्डा बुजवून निघून जातात, मागे वळून बघत पण नाहीत. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. वनखात्याचे कासवमित्र पहाटे अख्खा किनारा पायी तुडवतात, मादीच्या पायाचे माग शोधतात, रणगाडा गेल्यासारखे दिसतात ते, आणि अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशीच पुरून ठेवतात, नाहीतर कोल्हे-कुत्री उकरतात.

पिल्लं बाहेर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात. काळोखात समुद्राचं क्षितिजच सगळ्यात उजळ असतं म्हणून ती बरोबर पाण्याकडे जातात. आता तिथे तुमची शेकोटी, हॅलोजन, मोबाईलचे टॉर्च असले तर ती उलटी चालायला लागतात. आणि वर यायच्या बेतात असलेली मादी उजेड-आवाज बघून परत फिरते. म्हणून रात्री पुळणीवर जायचंच तर अंधारातच जायचं, डोळे दहा मिनिटांत सरावतात. कासव म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलं पहिल्या अनुसूचीतलं, त्याला हात लावणं, सेल्फीसाठी उचलणं हा गुन्हा आहे, वाघाइतकाच.

आम्हाला मादी एकदाही दिसलेली नाही, इतक्या वर्षांत. पिल्लं सोडताना दोनदा बघितली, त्यासाठी फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे गेलात तर चान्स जास्त. पण मला त्या ट्रान्समीटरवाल्या कासवांची गोष्ट जास्त आवडते. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरच्याच किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर लावला, एकीचं नाव बागेश्री आणि दुसरीचं गुहा. बागेश्री खाली खाली जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याच्या उलट अजून एक, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तोपर्यंत पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असंच बरेच जण धरून चालायचे. आम्ही कुंभार्ली घाट उतरून आलो तरी कंबर धरते.

टॉयलेट-बाथरूमचं काय? (हा फक्त बायका विचारतात)

विचारायलाच हवा, यावरच पूर्ण ट्रिप अवलंबून असते. आगरात राहायचं मुख्य कारण माझ्यासाठी हेच आहे. मागच्या बाजूला न्हाणीघर, चुलाणावर तापवलेलं पाणी, संडास वेगळा, स्वच्छ. उघड्यावर जाणं, झाडामागे वगैरे, मला जमत नाही आणि गावाच्या किनाऱ्यावर ते करूच नये. रात्री तंबू ते संडास किती पावलं ते उजेडातच मोजून ठेवा, वाटेत विहीर असेल तर डबल लक्ष द्या. पाळी आली तर पॅड कागदात गुंडाळून, डब्यात घालून परत आणते मी. आगरात पुरू नका, आणि त्यांच्या चुलीत तर अजिबात टाकू नका.

काही घरांत पाळी असताना वावरण्याचे नियम अजून असतात. आमच्या काकू काही बोलत नाहीत, पण मी स्वतःहून देवघराच्या बाजूला जात नाही. पटतं का, नाही पटत. पण तीन दिवस त्यांच्या घरात आहे मी.

लग्न झालेलं नसेल तर कपलला राहू देतात का?

खरं सांगू? कायद्याने दोन सज्ञान माणसं राहू शकतात, बंदी नाही. पण हे लॉज नाही, लोकांचं घर आहे, घरात सासू आहे, शेजारी आहेत, आणि नाही म्हणायचा त्यांना पण हक्क आहे. फोनवर आधीच सरळ सांगून टाका. काही घरं चालेल म्हणतात, काही म्हणत नाहीत. खोटं मंगळसूत्र घालून जाऊ नका, काकूंसारख्या बायका पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात आणि मग तुम्ही चार दिवस मान खाली घालून जेवता. दोघांचं आधार कार्ड मात्र न्याच, लग्न झालेलं असो नसो.

खायचं काय? मासे मिळतात ना?

मिळतात, पण आमच्या काकूंच्या घरात नाही. गुहागरात बरीच घरं चित्पावनांची, तिथे पानात मासे सोडा, अंडं पण नसतं. ह्याला दोन दिवस झाले की बांगडा आठवायला लागतो, मग आम्ही दुपारी बाजारातल्या खानावळीत जाऊन सुरमई-सोलकढी हाणून येतो आणि आगरात शिरायच्या आधी हात लिंबाने धुतो. काकूंना कळतंच. ‘जेवून आलात वाटतं’ एवढंच म्हणतात.

पण काकूंचं जेवण म्हणजे, काय सांगू. कुळथाचं पिठलं नि गरम भात, डाळिंबी उसळ, आमसुलाचं सार, सकाळी घावन आणि त्याबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. फेब्रुवारीत गेलं तर कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी. आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. मी पहिल्या वर्षी गॅसचा छोटा बर्नर, भांडी, मसाल्याचे डबे, सगळा संसार घेऊन गेले होते, आता फक्त चहाचं सामान नेते. पहाटेचा पहिला चहा आपल्या हातचा, तंबूच्या दारात बसून, बाकी काकू झिंदाबाद.

भाकरी तांदळाची असते. काकूंना शुगर आहे, डॉक्टरांनी ज्वारी खा सांगितलंय आणि तिकडची ज्वारी त्यांना आवडत नाही, म्हणून आम्ही दर वेळी पाच किलो जोंधळे नेतो. मी मालदांडीच नेते, दुसरी नेली तर बोलून दाखवतात.

साप, विंचू?

कोकण आहे, असणारच. घाबरू नका, पण बावळटपणा पण करू नका. फुरसं हा त्या भागातला माहीत असावा असा विषारी साप, आकाराने छोटा, कातळावर, सड्यावर आणि दगडांच्या सांदीत असतो. गडगा म्हणजे चिऱ्यांची नुसती रचलेली भिंत, त्यात सांदीच सांदी, म्हणून तंबू तिच्यापासून लांब. विंचू पण तिथेच. बूट घालण्याआधी आपटायचे, रात्री बॅटरी पायाशी मारत चालायचं, तंबूची झिप पाच मिनिटांसाठी पण उघडी टाकायची नाही.

चावलंच तर बांधणं, कापणं, मांत्रिक, कोंबडी लावणं असलं काही करत बसू नका, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय. कोकणातल्या लाल विंचवाने पूर्वी माणसं, खास करून पोरं, खूप मरायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाचं ब्लडप्रेशरचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मरणाचं प्रमाण एकदम खाली आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. माझ्या आजोळी महाडकडे त्यांचं नाव अजून देवासारखं घेतात. म्हणजे उपाय आहे, वेळेत पोचलं पाहिजे फक्त.

कसं जायचं?

पुण्याहून सातारा-उंब्रज-पाटण-कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, तिथून गुहागर. पाट्यांवर गुहागर-विजापूर रस्ता लिहिलेलं दिसेल तोच. मुंबईवाल्यांनी कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून एसटी पकडावी, मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही, सकाळ सकाळ तोंड कशाला खराब करा. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, त्यामुळे आमच्यात हा फुल आणि मी हाफ, आणि ह्यावरून मी पूर्ण प्रवासभर भाव खाते.

दापोलीकडून येत असाल तर दाभोळला गाडी फेरीबोटीत घालून समोर धोपाव्याला उतरायचं, वाशिष्ठीची खाडी ओलांडून. लांबचा वळसा वाचतो. दाभोळ एके काळी बहामनी आणि आदिलशाहीतलं केवढं मोठं बंदर होतं, आता बोटीची वाट बघत शेंगदाणे खायचं ठिकाण झालंय. खाली गणपतीपुळ्याला जायचं असेल तर तवसाळ-जयगड फेरी आहे.

दिवसभर करता काय? बोअर होत नाही?

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी व्याडेश्वर, अर्ध्या कोकणस्थांचं कुलदैवत, वरच्या पाटात दुर्गादेवी, आणि उफराटा गणपती. त्याची गोष्ट छान आहे, समुद्र गाव गिळायला निघाला होता तेव्हा गणपतीने तोंड फिरवून पश्चिमेला केलं, समुद्राकडे बघत बसला, म्हणून उफराटा. पौर्णिमेच्या त्या रात्रीनंतर आम्ही दोघं तिथे जरा जास्तच भक्तिभावाने जातो.

अंजनवेलला गोपाळगड आणि दीपगृह. गडाला हे नाव तुळाजी आंग्र्यांनी दिलं, सिद्दीकडून जिंकून घेतल्यावर. आत वर्षानुवर्षं आंब्याची बाग होती, किल्ला बघायला जायचं आणि कलमं बघून यायचं असा प्रकार. वाटेत जो मोठा वीज प्रकल्प दिसतो तोच तो एन्रॉनवाला, नाव दाभोळचं पडलं पण आहे खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात.

हेदवीला दशभुज गणपती आणि पुढे समुद्रावर बामणघळ. खडकात एक अरुंद चीर आहे, लाट आत घुसली की फवारा उंच उडतो. पण फक्त भरतीला! आम्ही पहिल्यांदा ओहोटीला गेलो, कोरडी भेग बघून परत आलो आणि ह्याने रिव्ह्यूमध्ये एक स्टार दिला, मी नंतर डिलीट करायला लावला. तिथी बघून जा. आणि कडेवर उभं राहून फोटो नकोत, खडक बुळबुळीत असतो.

पोहता येतं का?

गुडघ्यापर्यंत. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं आणि ते वरून कळत नाही. मी स्विमिंग टँकमध्ये वीस फेऱ्या मारते तरी तिथे गुडघ्यापर्यंतच.

ड्रोन? बिअर?

दोन्ही नाही. लोकांचं आगर आहे.

दोघंच, चार दिवस, छोट्या तंबूत, भांडणं होत नाहीत?

होतात की. तंबू लावताना हमखास, कुठली काठी कुठल्या बाहीत यावरून. ह्याला सूचनापत्रक वाचायचं नसतं आणि मला वाचल्याशिवाय हात लावायचा नसतो. पण घरी भांडण झालं की हा हॉलमध्ये मी बेडरूममध्ये, तंबूत ती सोय नाही. फार तर झिप ओढून बाहेर जाता येतं आणि झिप काही दारासारखी आपटता येत नाही, खर्रर्र करून हळूहळू उघडते, तोपर्यंत राग निम्मा उतरलेला असतो आणि हसू यायला लागतं. एकदा मी तशीच बाहेर पडून अंधारात पुळणीवर जाऊन बसले, लाटांच्या कडेला निळसर काहीतरी लुकलुकत होतं, पाण्यातले सूक्ष्म जीव चमकतात तसं. भांडण विसरून ह्याला हाक मारायला परत पळत आले. तर हा घोरत होता.

उठवला. उठल्यावर म्हणाला उद्या बघू. उद्या नव्हतं.

तुमच्या त्या काकूंचा नंबर मिळेल का?

नाही. त्यांनी स्वतःच सांगितलंय की नेटवर टाकू नको म्हणून, एका वर्षी कुणीतरी टाकला होता तर मे महिन्यात दिवसाला चाळीस फोन. काकांची दुपारची झोप गेली.

पण नंबराची गरजच नाही. सुट्टीचे आठवडे सोडून या, एसटी स्टँडला उतरा, समुद्राच्या बाजूची घरं बघत रस्त्याने चाला आणि आगरात तंबू लावू द्याल का विचारा. दोन-तीन घरं नाही म्हणतील, एक हो म्हणेल. पैसे किती ते लगेच ठरवा, कोकणी माणूस स्वतःहून आकडा सांगत नाही आणि मग मनात धरतो. आणि जर कुठल्या घरी पडवीत एका पायाचा, डाव्या पायाचा बूट खिळ्याला टांगलेला दिसला, तर तेच ते घर. काकांनी काढू दिलेला नाही अजून, आल्या-गेल्याला दाखवतात. तिथे उतरलात तर पाच किलो मालदांडी घेऊन जा.